पीए विद्यार्थ्यांसाठी परदेशी रोटेशन जुळवून देणारी सेवा: पैसे कशाचे द्यायचे, कशाचे नाही

अमेरिकेत पीए, म्हणजे डॉक्टरांच्या जोडीने रुग्ण तपासणाऱ्या फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण घेणाऱ्यांना शुल्क आकारून परदेशी क्लिनिकल रोटेशन, म्हणजे रुग्णालयातलं काही आठवड्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण, जुळवून देणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत. आमचं मत आधीच सांगतो. चार आठवड्यांच्या इलेक्टिव्हसाठी, म्हणजे ऐच्छिक रोटेशनसाठी, ही सेवा घेण्यासारखी आहे, पण तिकडची आरोग्यव्यवस्था जवळून बघायला. टाके घालण्यात हात बसावा म्हणून कुणी जात असेल तर त्याने जाऊ नये.

इलेक्टिव्ह हा शब्द इथे महत्त्वाचा. पीए अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एआरसी-पीएच्या नियमांनुसार कोर, म्हणजे सक्तीची रोटेशन अमेरिकेतच व्हावी लागतात. परदेशातल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयांसारख्या मोजक्या जागा तेवढ्या अपवाद. त्यामुळे 'तुमचं सर्जरीचं रोटेशन आमच्याकडे पूर्ण करा' असं कुठली संस्था म्हणत असेल, तर तिला पीए शिक्षणाची माहिती नाही असं समजावं. शिवाय जागा विद्यार्थ्यानेच शोधून आणावी अशी सक्ती अभ्यासक्रमाला करता येत नाही. विद्यार्थ्याने सुचवलेली जागा आणि प्रिसेप्टर (तिथे शिकवणारा आणि देखरेख करणारा) तपासण्याची जबाबदारीही अभ्यासक्रमाचीच. म्हणून संस्थेला आगाऊ रक्कम भरण्याआधी आपल्या अभ्यासक्रमातल्या क्लिनिकल कोऑर्डिनेटरकडून (रोटेशनची व्यवस्था बघणाऱ्याकडून) लेखी होकार घ्या. हा क्रम उलटा झाला की पैसे अडकतात, कारण बहुतेक ठिकाणी आगाऊ रक्कम परत मिळत नाही.

या सेवेत खरा कस लागतो तो करारात. विद्यापीठ आणि तिकडचं रुग्णालय यांच्यात अ‍ॅफिलिएशन अ‍ॅग्रीमेंट लागतं, आणि ते विधी विभागात महिनोन्‌महिने पडून राहतं. गाडी अडते ती नुकसानभरपाईच्या कलमावर. काही राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांना दुसऱ्या पक्षाची भरपाई करण्याची हमी कायद्यानेच देता येत नाही, आणि समोरच्या रुग्णालयाला नेमकी तीच हवी असते. चांगल्या संस्थेकडे या कलमाचा पर्यायी मसुदा तयार असतो. पहिल्याच फोनवर तो मागा. मिळाला नाही तर पुढचे महिने कसे जाणार याचा अंदाज येईल. एकूण तयारीला नऊ ते बारा महिने धरा.

विम्याचंही तसंच. विद्यार्थ्यांची मालप्रॅक्टिस पॉलिसी, म्हणजे उपचारातल्या चुकीबद्दलच्या दाव्यासाठीचा विमा, परदेशातल्या दाव्याला लागू असेलच असं नाही. काही पॉलिसींमध्ये दावा अमेरिकेच्या न्यायालयात दाखल झाला तरच संरक्षण मिळतं. 'विमा समाविष्ट' या दोन शब्दांवर विसंबू नका. वैद्यकीय उपचार, विमानाने रुग्णाला हलवण्याचा खर्च आणि मालप्रॅक्टिस हे तीन वेगळे विमे आहेत, तिन्हींची कागदपत्रं मागा. व्हिसाबद्दलही संस्थेकडून लेखी घ्या. पर्यटक व्हिसावर वॉर्डात उभं राहणं अनेक देशांत बेकायदा ठरतं, आणि काही ठिकाणी परक्या विद्यार्थ्यालाही स्थानिक वैद्यकीय कौन्सिलकडे तात्पुरती नोंद करावी लागते.

आता प्रत्यक्ष रोटेशनकडे येऊ. चाइल्ड फॅमिली हेल्थ इंटरनॅशनल ही १९९२ पासून काम करणारी संस्था आम्हाला यात आदर्श वाटते, कारण तिथे कार्यक्रम स्थानिक डॉक्टर चालवतात आणि विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाच्या मर्यादेत राहून मुख्यतः निरीक्षण करायचं असतं, हे आधीच स्पष्ट केलेलं असतं. याउलट जाहिरातीत 'पहिल्याच दिवसापासून प्रसूती करा' असं असेल तर त्या संस्थेपासून लांब राहा. जे अमेरिकेत देखरेखीशिवाय करता येत नाही, ते दुसरीकडच्या गरीब रुग्णावर करता येतं असं मानणंच चूक आहे. जागतिक आरोग्य प्रशिक्षणाच्या नीतीविषयी २०१० साली प्रसिद्ध झालेली 'वेट' (WEIGHT) या कार्यगटाची मार्गदर्शक तत्त्वं विद्यार्थी आणि संस्था दोघांनीही वाचावीत; यजमान रुग्णालयावर पडणारा भार त्यात गांभीर्याने घेतला आहे.

हा भार किती बारीक असतो ते हातमोज्यांवरून कळतं. वॉर्डातला एक खोका आठवडाभर पुरवायचा असतो आणि प्रत्येक राउंडला विद्यार्थी त्यातून दोन जोड काढतो. आपल्या मापाचे दोन खोके आणि फिट टेस्ट (मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का याची चाचणी) झालेल्या मापाचे एन९५ मास्क घरूनच न्या.

देश निवडताना पीएसारखं काम तिथे कोण करतं ते बघा. दक्षिण आफ्रिकेतले क्लिनिकल असोसिएट जिल्हा रुग्णालयांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे पीए विद्यार्थ्याला तिथे आपल्या भूमिकेचा चेहरा दिसतो. मलावीत जिल्हा रुग्णालयांतल्या सिझेरियनचा मोठा वाटा क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे डॉक्टर नसलेले प्रशिक्षित कर्मचारी, उचलतात. ब्रिटनमध्ये पीए व्यवसायाची नोंदणी डिसेंबर २०२४ पासून जनरल मेडिकल कौन्सिलकडे आली. जिथे असं पदच नाही तिथे तुम्हाला वैद्यकीय विद्यार्थी समजून काम दिलं जातं, आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात. संस्थेने प्रिसेप्टरला पीए म्हणजे काय हे एका पानात कळवलं आहे का, ते विचारा.

आरोग्याच्या तयारीत बहुतेक संस्था नुसती लशींची यादी पाठवून मोकळ्या होतात. वेळापत्रक कुणी देत नाही. पीतज्वराची लस प्रवेशाच्या किमान १० दिवस आधी, टायफॉइडचं इंजेक्शन दोन आठवडे आधी. मलेरिया टाळण्यासाठी अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर ७ दिवस घ्यायचं. डॉक्सीसायक्लिन मात्र परतल्यावर चार आठवडे. लोक नेमकं हे शेवटचं टोक सोडतात. सुई टोचली तर एचआयव्हीविरोधी औषधं जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांच्या आत सुरू व्हायलाच हवीत, आणि २८ दिवस चालतात. रात्री-अपरात्री ती गोळी नेमक्या कुठल्या कपाटात मिळेल याचं उत्तर संस्थेकडे नसेल तर पहिल्या काही दिवसांचा साठा सोबत न्या.

केस लॉग, म्हणजे रोटेशनमधल्या रुग्णांची नोंद, भरताना 'पाहिलं' आणि 'केलं' यांत गल्लत करू नका. इंटरनेट जाईल हे धरून रोजची नोंद वहीत ठेवा, मात्र रुग्णाचं नाव त्यात नको. प्रिसेप्टरचं मूल्यमापन शेवटच्या दिवसावर टाकलं की सही राहून जाते आणि मग ती ईमेलवर मागत बसावं लागतं. तिसऱ्या आठवड्यातच फॉर्म पुढे करा.

शुल्कासाठी विद्यापीठाच्या फायनान्शिअल एड कार्यालयात जरूर विचारा. अभ्यासक्रमाने क्रेडिटसाठी मान्य केलेलं परदेशी शिक्षण असेल, तर त्याचा खर्च विद्यार्थी कर्जाच्या हिशेबात धरता येतो. परतल्यावर ८ ते १० आठवड्यांनी टीबीची चाचणी करावी लागते. तिची आठवण कुठलीच संस्था करत नाही, तेव्हा निघण्याआधीच तारीख घेऊन ठेवा.