एओसेप्ट प्लस: चुरचुर सोल्यूशनची असेल तरच घ्या

आल्कॉन कंपनीचं एओसेप्ट प्लस कॉन्टॅक्ट लेन्स साफ करण्याच्या नेहमीच्या सोल्यूशनपेक्षा मुळातच वेगळं आहे. त्यात ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते जंतू मारतं, आणि सोबतच्या केसमधल्या (लेन्स ठेवायच्या डबीतल्या) प्लॅटिनमचा लेप दिलेल्या चकतीमुळे त्याचं हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन होतं. सकाळी लेन्स निघते ती जवळजवळ साध्या सलाइनमधून, प्रिझर्वेटिव्हशिवाय (सोल्यूशन टिकवणाऱ्या रसायनाशिवाय). नेहमीच्या सोल्यूशनमधलं पॉलिहेक्झानाइडसारखं प्रिझर्वेटिव्ह मऊ लेन्समध्ये मुरतं आणि लेन्स डोळ्यात असताना थोडं थोडं बाहेर येत राहतं. काही डोळ्यांना ते सोसत नाही. या सोल्यूशनचा खरा फायदा अशांनाच होतो.

म्हणून बाटली घेण्याआधी त्रास कधी होतो ते पाहा. लेन्स घातल्यापासून तासा-दोन तासांत दोन्ही डोळे सारखेच चुरचुरत आणि लाल होत असतील, तर सोल्यूशनवर संशय घ्यायला जागा आहे. एकाच डोळ्यात खुपत असेल तर बहुतेक लेन्स उलटी आहे, तिची कड फाटली आहे किंवा खाली कण अडकला आहे. सकाळी सगळं ठीक आणि संध्याकाळी स्क्रीनसमोर डोळे कोरडे, असं असेल तर कारण वेगळं: पापण्या कमी लवतात आणि लेन्स सुकते. तिथे सोल्यूशन बदलून फारसं हाती लागत नाही. वरच्या पापणीच्या आत खाज, चिकट स्राव आणि लेन्स सतत वर सरकणं ही बहुधा लेन्सवर साचलेल्या थराची तक्रार असते. त्यासाठी डॉक्टरांकडून पापणी उलटून तपासून घ्यावी.

वापरण्याची पद्धत सोपी आहे, पण चुकीला माफी नाही. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. डावी-उजवी लेन्स केसमधल्या आपापल्या जाळीत ठेवा. कड जाळीच्या दारात अडकली तर लेन्स फाटते, म्हणून बंद करताना नीट बघा. जाळीतल्या लेन्सवर सोल्यूशन सोडून ती खंगाळा, केस खुणेपर्यंत भरा, झाकण लावा आणि किमान ६ तास उभी ठेवा. बुडबुडे येतात ते ऑक्सिजनचे. झाकणाला भोक असतं ते वायू बाहेर जावा म्हणून, ते बुजवू नका. केस आडवी ठेवली तर द्रव सांडतो आणि चकती द्रवाबाहेर राहू शकते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हे सोल्यूशन साध्या चपट्या डबीत भरणं. तिथे चकती नसते, त्यामुळे पेरॉक्साइड रात्रभर तसंच राहतं आणि सकाळी डोळ्यात आग होते. पापण्या इतक्या घट्ट मिटतात की लेन्स काढणंही अवघड होतं. असं झालं तर लेन्स लगेच काढा, डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टर गाठा. याच कारणासाठी घालण्याआधी लेन्स या सोल्यूशनने खंगाळायची नाही. लागलंच तर निर्जंतुक सलाइन वापरा. नळाचं पाणी लेन्सला कधीच लावू नये, त्यात अकँथअमीबा हा डोळ्याला गंभीर संसर्ग करणारा सूक्ष्मजीव असू शकतो.

गैरसोय आहेच. दुपारी लेन्स काढून तासाभरात परत घालायची असेल तर हे कामाचं नाही. शिवाय चकतीची ताकद वापराने कमी होते, त्यामुळे प्रत्येक नव्या बाटलीसोबत आलेली नवीच केस घ्यायची आणि जुनी टाकून द्यायची. जुनी केस चालवत राहिलात तर चुरचुर परत येते, आणि दोष मात्र सोल्यूशनला दिला जातो.

लेन्स काढल्यावरही दुखणं, लाली, उजेड सहन न होणं किंवा अंधुक दिसणं थांबत नसेल, तर कुठलंही सोल्यूशन करून बघत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि लेन्स व केस बरोबर न्या, तपासणीला लागू शकतात.