वायर ओढायची की नोड पुरायचे?

दिवाळी उलटली, वावरं मोकळी व्हायला लागली की मला दरवर्षी एकाच मजकुराचे दोन-चार फोन येतात. पंचवीस-तीस चौरस किलोमीटरचं छोटं क्षेत्र हाती आलं आहे, आत एखाद-दुसरी जुनी विहीर आहे, तिच्यात कधीकाळी गॅस दिसला होता. पुढची विहीर कुठे घ्यायची ते ठरवायला सिस्मिक हवं, म्हणजे जमिनीत छोटे स्फोट करून खालच्या थरांवरून परतणाऱ्या लाटा टिपायच्या, पण पैसे मोजके. मग केबलवाला क्रू बोलावू, ज्याचे सेन्सर लांबच लांब वायरने जोडलेले असतात, की नोडवाला, ज्याची प्रत्येक सेन्सरची डबी सुटी असते?

मी राहतो नागपुरात. वर्षातले काही महिने मेहसाण्याच्या बाजूला तेलवाल्यांची कामं, उरलेले इकडे उमरेड, वणी, चंद्रपूरकडे कोळशाची. दहा-बारा हंगाम केबल ओढली, गेले चार हंगाम नोड वापरतोय. फोनवर प्रत्येकाला तीच कथा सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो. माझा कल कुठे आहे ते वाचता वाचता कळेलच.

आधी न विचारलेला एक सल्ला. 2016 साली लहान शोधित क्षेत्रांच्या पहिल्या लिलावात 46 करारक्षेत्रांत मिळून 67 क्षेत्रं निघाली, तेव्हापासून या धंद्यात नवे, छोटे लोक आले. ही क्षेत्रं मुळात ओएनजीसी आणि ऑइल इंडियाने शोधून बाजूला ठेवलेली. म्हणजे त्यांच्यावरून जुन्या टूडी लाइनी, म्हणजे एका रेषेत केलेले जुने सिस्मिक सर्व्हे, बहुधा गेलेल्या असतात. हायड्रोकार्बन महासंचालनालयाची नॅशनल डेटा रिपॉझिटरी 2017 पासून चालू आहे. तिथून त्या लाइनी आणि विहिरींचे लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या खडकांच्या नोंदी) मागवा, नव्याने प्रोसेस करून घ्या. माझ्या एका पार्टीचं काम तेवढ्यावरच भागलं. माझं बिल आटलं, ते सोडा.

ते करूनही चित्र धूसर राहिलं तर मात्र नवा सर्व्हे आला.

छोट्या सर्व्हेत पैसा कशात जातो? नवख्या माणसाला वाटतं यंत्रात. यंत्र तर भाड्याचं असतं. पैसा जातो माणसांत, गाड्यांत, शेतकऱ्यांच्या नुकसानभरपाईत आणि या सगळ्यांच्या बसून काढलेल्या दिवसांत. पाचशे चौरस किलोमीटरच्या कामात आठ दिवस फुकट गेले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. पंचवीस चौरस किलोमीटरच्या कामात आठ दिवस गेले की ऑपरेटरचा चेहरा बघवत नाही. म्हणून दोन पद्धतींची तुलना करताना मी भाड्याचा दर नंतर बघतो. काम कशाने थांबतं आणि किती वेळ थांबतं, ते आधी.

केबलच्या बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे आणि ते मी मनापासून सांगतो. शॉट, म्हणजे एक स्फोट, मारला की दुसऱ्या क्षणी रेकॉर्डिंगच्या गाडीत पडद्यावर सगळे ट्रेस, म्हणजे एकेका जागेवरच्या थरथरीच्या रेघा, उमटतात. कुठला जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारा सेन्सर) आडवा पडला, कुठे वारा आहे, कुठे ट्रक जातोय, सगळं तिथल्या तिथे दिसतं. बिघडलेला शॉट लगेच परत घेता येतो. चांगला ऑब्झर्व्हर, म्हणजे गाडीत बसून रेकॉर्डिंग करणारा, त्या पडद्याकडे बघून सांगतो की तिसऱ्या होलमध्ये स्फोटकं कोरड्या वाळूत बसलीत, आणखी खाली न्या. ही नजर नोडमध्ये नाही. शिवाय प्रत्येक ठिकाणी सहा किंवा बारा जिओफोनची माळ असल्यामुळे जमिनीच्या पृष्ठभागावरून धावणारी ती हळू, मोठी लाट, म्हणजे ग्राउंड रोल, शेतातच बऱ्यापैकी दबते.

आता ज्या एका गोष्टीने मी केबल सोडली ती सांगतो. ती म्हणजे कनेक्टर.

डिसेंबरातली सकाळ, उमरेडच्या पुढे काळ्या मातीतली लाइन. रात्रभर दहिवर पडलेलं, तूर उभी, पऱ्हाटीत बोंडं. आदल्या संध्याकाळी जोडून ठेवलेली केबल सकाळी तपासली तर पडद्यावर निम्मे ट्रेस एका लयीत थरथरताहेत. पन्नास हर्ट्झ. या भागात कोराडी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रांकडून निघालेल्या हाय टेन्शन लाइनी डोक्यावरून जातात आणि कनेक्टरमध्ये जरा ओल शिरली की गळतीतून ती विजेची गुणगुण थेट रेकॉर्डमध्ये येते. मग लाइनमन निघतो. खिशात दाताचा जुना ब्रश, कमरेला सुती फडकं, हातात कॉन्टॅक्ट क्लीनरचा डबा. कनेक्टर उघडतो. आत पिनांच्या मध्ये काळ्या मातीचा लगदा, लाडवासारखा दाबून बसलेला. ब्रशने उकरतो, फुंकर मारतो, फडक्याने पुसतो, जोडतो, वॉकीवर विचारतो, "आता बघा." ऑब्झर्व्हर म्हणतो, "नाही, पुढचा." पुढचा कनेक्टर पन्नास-शंभर मीटरवर, मध्ये दोन धुरे आणि एक नाला.

काळ्या मातीचा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. ओली असते तेव्हा बुटाला दोन किलो चिकटते, वाळली की दगड होते. कोरड्या, वाळूच्या जमिनीत हीच केबल सुरळीत चालते, मेहसाण्याकडे मला एवढा त्रास झाला नाही. पण आमच्याकडे सकाळी सात ते नऊ-साडेनऊ हा वेळ लाइन जिवंत करण्यात जायचा, आणि हे रोजचं. मी मोजमाप ठेवलं नाही, पण स्वयंपाकी दुसऱ्या चहाचं आधण लाइन चेकच्या हिशोबाने ठेवायचा, यावरून काय ते समजा.

आणि कनेक्टर हा फक्त सकाळचा प्रश्न नसतो. केबलवर एक जागा तुटली की तिच्यापलीकडचं सगळं गप्प होतं. दुपारी थ्रेशर ओढणारा ट्रॅक्टर पांदणीवरून गेला, कनेक्टर चिरडला, लाइन गेली. एका गावात रात्री तांब्यासाठी चाळीस मीटर केबल कापून नेली. त्या वेळी आमची अकरा होल भरून तयार होती. भरलेलं होल म्हणजे जमिनीत पुरलेली स्फोटकं; त्यांच्यापाशी माणूस बसवून ठेवावा लागतो, नोंदी जुळवाव्या लागतात. आपल्या नागपुरात तर स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचं, पेसोचं, मुख्य कार्यालय. ते खातं 1898 पासूनचं. त्याच्या दारात राहून नियमांशी खेळायची हिंमत कोणी करू नये. ते अकरा शॉट आम्ही संध्याकाळी दिवे लावायच्या वेळेला मारले, तोवर साठ माणसं बाभळीखाली बसून होती. प्रत्येकाची मजुरी चालू.

नोडमध्ये हे सगळं नाही, कारण वायरच नाही. प्रत्येक डबी स्वतंत्र: आत सेन्सर, बॅटरी, मेमरी आणि वेळ जुळवायला जीपीएस. वीतभर खड्डा करायचा, बसवायची, माती ओढायची, पुढे जायचं. एक डबी मेली तर एकच ट्रेस गेला. रस्ता, रूळ, नदी, संत्र्याची बाग आडवी आली तर अलीकडे एक, पलीकडे एक. काटोलकडे एका बागायतदाराने केबलला साफ नकार दिला होता, ठिबकच्या नळ्या तुटतील म्हणून. त्याच माणसाने नोड बघून विचारलं, "हे काय पेरून राहिले बाप्पा?" आणि परवानगी दिली. (नंतर त्याच्याच ठिबकच्या पंपाचा आवाज आमच्या अकरा ट्रेसवर सापडला. पंप कधी चालतो ते आधी विचारून घ्या.)

वजनाचाही फरक पडतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. बीपी या तेल कंपनीच्या कामातून निघालेला स्ट्राइड कंपनीचा नोड जेमतेम दीडशे ग्रॅमचा, माणूस पाठपिशवीत शंभरएक घेऊन चालू शकतो. इतर बरेच नोड किलोच्या आसपास भरतात. भाड्याने मिळेल ते घ्यावं लागतं, त्यामुळे वजनाचं स्वप्न बाजूला ठेवा. माणसं मात्र खरोखर कमी लागतात. केबलच्या साठाच्या जागी आमचा क्रू आता पंचवीस-तीसवर आलाय आणि छोट्या ऑपरेटरला परवडण्याचं मुख्य कारण हेच.

आता नोडची खोड. तुम्ही आंधळे असता. शॉट मारला, दणका बसला, कबुतरं उडाली, पण जमिनीखालून काय आलं ते नोड काढून, रॅकमध्ये लावून, डेटा उतरवल्याशिवाय कळत नाही. पहिल्या हंगामात आमच्या एका पोराने चाळीस नोडची पिशवी चालू न करताच पुरली. तीन दिवस. चौथ्या दिवशी रात्री उतरवायला घेतलं तेव्हा लाइनीच्या मधोमध खिंडार. त्या पोरावर ओरडून उपयोग नव्हता, चूक माझी होती. पुरताना दिवा लुकलुकतोय का ते बघून नोंद करायची पद्धत मीच लावली नव्हती. आता दोन माणसं बघतात, एक पुरतो आणि दुसरा मोबाइलवर टिपतो. शिवाय रोज दहा-बारा नोड मधूनच काढून रात्री तपासतो. म्हणजे अंधत्व एका दिवसावर येतं, पूर्ण जात नाही.

दुसरी गोष्ट डेटाची. नोड दिवसभर अखंड ऐकत असतो. दोन मिलिसेकंदांनी नमुना घेतला तर दहा तासांत एका डबीत पन्नासएक एमबी जमतात, आठशे डब्यांचे चाळीस जीबी. त्यातून शॉटच्या वेळा धरून तुकडे कापायचे. त्यासाठी शॉटची वेळ जीपीएसने नेमकी टिपलेली हवी. ब्लास्टरच्या घड्याळाचा भरवसा ठेवू नका. कॅम्पात चांगला संगणक, जनरेटर आणि रात्री जागणारा एक हुशार मुलगा लागतो. हा खर्च कोटेशनमध्ये बहुधा नसतो. विचारून घ्या.

तिसरी गोष्ट ग्राउंड रोलची आणि इथे मी थोडा सावध बोलतो. नोड एकटा असतो, माळ नाही, त्यामुळे ती लाट पूर्ण ताकदीने येते. उपाय म्हणजे नोड जवळजवळ लावणं. लाटेचा वेग सेकंदाला तीनशे मीटर आणि वारंवारता दहा हर्ट्झ धरली तर तिची लांबी तीस मीटर होते. ती नीट पकडून प्रोसेसिंगमध्ये काढून टाकायची तर पंधरा मीटर किंवा त्याहून कमी अंतर हवं. कोणी स्वस्तात पन्नास मीटरवर नोड लावून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. संख्या वाढवली की मात्र चित्र माळेपेक्षाही स्वच्छ येतं, निदान माझ्या डोळ्याला तसं वाटतं. माझ्या प्रोसेसिंगवाल्याचं मत माझ्याइतकं ठाम नाही, हेही सांगून ठेवतो.

बसाल्टचं काय, असं इकडचे लोक हमखास विचारतात. नागपूरचा पश्चिम भाग दख्खनच्या काळ्या दगडावर बसलाय, पूर्वेकडे तो संपतो आणि खाली गोंडवानाचे गाळखडक, कोळसा लागतो. जिथे वर बसाल्ट आहे तिथे लाट वरच्या कठीण थरातच विखुरते, खालच्या मऊ खडकाचा आवाज पुसट होतो. कमी वारंवारतेच्या लाटा त्यातल्या त्यात तग धरतात, म्हणून पाच हर्ट्झचा सेन्सर असलेले नोड जुन्या दहा हर्ट्झच्या माळांपेक्षा मला उजवे वाटले. पण बसाल्टखालचं चित्र नोडमुळे जादूसारखं उजळतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तिथे वेट ड्रॉप, म्हणजे जड वजन आपटून लाट काढणं, तेसुद्धा पुरत नाही, खोल होल आणि स्फोटकंच लागतात.

मग केबल कोणी घ्यावी? जमीन कोरडी, सपाट, माणसांची वर्दळ कमी. प्रत्येक शॉट महाग, परत मारता येणार नाही असा. शेजारच्या ब्लॉकमध्ये केबलचा क्रू आधीच उतरलाय आणि परतीच्या वाटेवर स्वस्तात येतोय. या तिन्हींतलं एक जरी असेल तर मी केबलला नाही म्हणणार नाही. तिसरं कारण तर भल्याभल्यांना मोह घालतं, मलाही घालतं.

बाकीच्यांनी नोडचं कोटेशन मागवताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. हरवलेल्या नोडची किंमत कोणाची: पोट्टे उकरून नेतात, नांगराच्या फाळाला लागतात, काही जातातच. आम्ही गावच्या शाळेत जाऊन डबी दाखवून येतो, त्याने पोरांचं कुतूहल निम्मं होतं. दुसरं, भाडं कोणत्या दिवसापासून: डब्यांत लिथियम बॅटऱ्या असतात, विमानाने धोकादायक माल म्हणून नियम लागतात, आणि बंदरावर अडकलेल्या दिवसांचं भाडं माझ्याकडून एकदा वसूल झालंय. तिसरं, निकामी नोडच्या बदल्यात जादा किती देणार. शंभरामागे पाच-सात तरी मागा.

माझी स्वतःची केबल हिंगण्याच्या गोडाऊनमध्ये पडून आहे, सोळा ड्रम. जिओफोनच्या माळा ठेवून घेतल्या, छोट्या रिफ्रॅक्शनच्या, म्हणजे वरवरच्या थरांची खोली काढायच्या, कामाला येतात. केबल विकायला काढली तर एक गिऱ्हाईक आलं, ड्रम फिरवून बघितला, कनेक्टर उघडून आत वाकून पाहिलं आणि भाव सांगितला तो तांब्याच्या किलोचा. कनेक्टरचं वजन वजा करून.