गार्मिनच्या घड्याळातला स्ट्रेस स्कोअर: दिवसाचा आकडा सोडा, रात्रीची रेघ बघा

मनगटावरचं घड्याळ ताण मोजतं म्हणजे नेमकं काय मोजतं हे माहीत नसल्यामुळे पुष्कळ लोक त्या आकड्याला विनाकारण घाबरतात. म्हणून आधी तेवढं समजून घेऊ. हृदयाचे ठोके घड्याळाच्या टिकटिकीसारखे सारख्या अंतराने पडत नाहीत. नाडी मिनिटाला ६० असली तरी एक अंतर ९६० मिलिसेकंदांचं, तर पुढचं १०३० चं असू शकतं. माणूस स्वस्थ असताना हा फरक मोठा असतो, कारण व्हेगस मज्जातंतू श्वासागणिक हृदयाचा लगाम खेचतो आणि सैल करतो. अंगावर काही आलं की अ‍ॅड्रेनॅलिन वाढतं, व्हेगसची पकड सुटते आणि ठोके भरभर, जवळजवळ एकसारखे पडू लागतात. घड्याळाच्या मागचे हिरवे दिवे त्वचेखालच्या रक्ताची भरती-ओहोटी टिपतात. ठोक्यांमधला फरक जितका कमी, तितका स्कोअर जास्त. ० ते २५ विश्रांती, २६ ते ५० कमी ताण, ५१ ते ७५ मध्यम, ७६ ते १०० जास्त. यामागचं गणित फर्स्टबीट या फिनलंडच्या कंपनीचं. गार्मिनने २०२० मध्ये तिचा हा व्यवसाय विकत घेतला.

मोजमाप म्हणून ही सोय चांगली आहे. आमची तक्रार नावाबद्दल आहे. मुलाखतीच्या दाराबाहेर बसलेला उमेदवार आणि हप्ता थकल्यामुळे वसुलीच्या फोनची धास्ती घेतलेला माणूस, दोघांचा आकडा ८० येऊ शकतो. पथकाचा सराव संपवून, ढोल उतरवून, खुशीत चहा पीत बसलेल्याचाही बराच वेळ चढाच राहतो. पुरणपोळीचं भरपेट जेवण झालं तरी स्कोअरच्या आलेखातली रेघ वर जाते, कारण पचनालाही हृदयाचं काम वाढतं. १९३६ मध्ये ताणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून हेच दाखवलं होतं: थंडी असो, इजा असो की विषारी द्रव्य, शरीराची पहिली प्रतिक्रिया एकाच साच्याची असते. त्यातला हितकारक ताण आणि घातक ताण असा भेद त्यांनी पुढे केला. घड्याळ फक्त शरीराची प्रतिक्रिया मोजतं. ताण हितकारक की घातक हे तुम्हालाच शोधावं लागतं, आणि ते शोधायला हे यंत्र खरोखर मदत करतं, पण वापरायची रीत वेगळी आहे.

हितकारक ताण चढतो, काम करून घेतो आणि उतरतो. परीक्षा, मार्चअखेरचे हिशेब, व्यासपीठावरचं भाषण यांत लक्ष एकवटतं, आणि काम संपल्यावर तासा-दोन तासांत रेघ खाली येते. घातक ताणाची रेघ उतरत नाही. अ‍ॅड्रेनॅलिन काही सेकंदांत येतं आणि लवकर ओसरतं. कॉर्टिसोल मात्र वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठतं आणि कारण संपलं नाही तर मागे रेंगाळत राहतं. म्हणून दुपारच्या ८५ ने घाबरू नका. झोपेतल्या पहिल्या तीन-चार तासांत रेघ निळी (विश्रांती) राहते की नारिंगी, ते बघा.

पहिले तीन आठवडे घड्याळ रात्रीही हातात हवं. मनगटाच्या हाडाच्या एक बोट वर बांधा. पट्टा हलू नये, पण सकाळी खोल वळही उठता कामा नये. सैल पट्ट्यातून बाहेरचा उजेड शिरतो आणि आकडे भरकटतात. मनगटावर गडद टॅटू असेल तर दुसऱ्या हातात घाला. चालताना, जिना चढताना स्ट्रेस मोजला जात नाही, तिथे आलेखात करडा रंग दिसतो. तो बिघाड नव्हे. फोररनर २५५ सारख्या मॉडेलमध्ये एचआरव्ही स्टेटसही (ठोक्यांमधल्या फरकाचा रात्रीचा आकडा) मिळतो. त्यालाही तुमची नेहमीची पातळी ठरवायला तीन आठवड्यांच्या रात्री लागतात, आणि नंतर तो सात दिवसांची सरासरी दाखवतो. आमच्या मते स्ट्रेस स्कोअरपेक्षा हाच आकडा जास्त भरवशाचा.

सोबत एक वही ठेवा. रोज तीनच नोंदी: रेघ कशाने चढली, उतरायला किती वेळ लागला, आणि त्या गोष्टीबाबत तुमच्या हातात काही होतं का. तिसरी नोंद कोणतंही घड्याळ करू शकत नाही. पंधरा दिवसांत चित्र दिसू लागतं. रेघ रोज चढते पण उतरते, आणि कामाचं काही समाधान आहे, तर तो ताण राहू द्या. एकाच माणसाच्या फोननंतर रेघ रात्रीपर्यंत वर राहत असेल, पहाटे तीनला जाग येत असेल, जबडा आवळलेला राहत असेल, तर तिथे हात घालायला हवा.

रात्रीची रेघ वर दिसली म्हणून लगेच मनाला दोष देऊ नका. मद्य, उशिराचं जड जेवण, ताप किंवा येऊ घातलेलं आजारपण यांनीही तेच होतं. संध्याकाळी सहाच्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफिन अकरा वाजता रक्तात असतं. हृदयाचा वेग कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर हा आकडा तुमच्यासाठी नाही. एट्रियल फिब्रिलेशन हा हृदयाच्या लयीचा आजार असेल तर उलटाच धोका: ठोके मुळातच अनियमित असतात आणि घड्याळ त्याला निवांतपणा समजू शकतं.

घड्याळातला श्वासाचा व्यायाम चांगला आहे. चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, पाच मिनिटं. इतक्या संथ श्वासाने ठोक्यांमधला फरक वाढतो, त्यामुळे आकडा उतरणारच. व्यायाम थांबल्यावर वीस मिनिटांनी पुन्हा बघा. परत चढला असेल तर कारण तिथेच आहे. ‘रिलॅक्स रिमाइंडर’ (ताण चढला की घड्याळ देतं ती सूचना) मात्र पहिल्याच दिवशी बंद करा. ऐन सभेत मनगट थरथरलं की आधीच धडधडणारी छाती आणखी धडधडते.

झोप, पळणं, व्यायाम यांसाठी घड्याळ घेणारच असाल तर ही सोय उपयोगी पडते. फक्त ताण मोजायला एवढे पैसे घालू नका, वही आणि झोपेची वेळ लिहून ठेवणं पुरेसं आहे. छातीत दुखत असेल तर आकडा न बघता तडक दवाखाना गाठा. दोन आठवडे झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जा किंवा मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.