३-९×४० एअरगन स्कोप, एक उन्हाळा काढल्यानंतर: काच झकास, माउंट भंगार

स्कोप म्हणजे एअरगनवर बसवायची दुर्बीण; ही झूम ३ ते ९ पट, पुढची काच ४० मिलिमीटरची. माउंट म्हणजे तिला रायफलीवरच्या खाचेत धरून ठेवणारी दोन रिंगांची पकड. वॉरंटी कार्डाच्या मागे बारीक अक्षरात छापलंय, 'रिकॉइलमुळे झालेला बिघाड वॉरंटीत धरला जाणार नाही.' रिकॉइल म्हणजे छर्रा सुटताना बसणारा धक्का. आणि खोक्यावर ठळक काय, तर 'एअरगन रेटेड'. म्हणजे छत्री विकायची आणि पावसात उघडू नका सांगायचं. यावरून दुकानदाराशी फोनवर चांगलीच जुंपली. तो राग अजून उतरलेला नाही, तेवढं धरून पुढचं वाचा.

रायफल साधीच. नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली, ०.१७७ बोअरची आणि २० ज्यूलच्या आतल्या जोराची, म्हणून लायसन्सची भानगड नाही. चोपड्याकडे आमच्या केळीच्या बागेच्या कडेला २० मीटरवर कागद लावतो. मागे कापलेल्या खोडांची रास असते. ओल्या खोडात छर्रा रुतून बसतो, उलटून येत नाही. कागद सोडून कशावरही नेम धरत नाही, तेव्हा कमेंटमध्ये रानडुकरांचं विचारू नका.

तक्रार एकच होती: झिरो टिकायचा नाही, म्हणजे स्कोपमधली फुली जिथे धरली तिथेच छर्रा लागावा, ही जुळणी. आज सगळे छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातील असे, उद्या तेच दोन बोटं खाली. दुकानदार आधी म्हणाला स्क्रू आवळा, मग म्हणाला छर्रे बदला, मग म्हणे तुमचा हात हलत असेल. शेवटी स्कोप बदलून दिला, पण जाण्यायेण्याचं कुरिअर माझ्या खिशातून. दुसराही तसाच निघाला. इथपर्यंत हा रिव्ह्यू एका स्टारचा होता.

मग एमआयडीसीत लेथवर काम करणाऱ्या एका दोस्तानं रायफल हातात घेतली, नळीवर पट्टी ठेवली आणि म्हणाला, "नळी खाले झुकेल शे भो, दुर्बीणले काब्र गाया देस?" म्हणजे नळीच खाली झुकलीय, दुर्बिणीला का शिव्या देतोस?

नळी मोडणाऱ्या पुष्कळ रायफलींची नळी माउंटच्या खाचेच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते. छर्रे खाली लागतात, मग आपण वरचा टरेट, म्हणजे नेम वर-खाली करायचं फिरतं बटण, 'अप'कडे फिरवत सुटतो. टरेटला हात लावण्याआधी माझे चार बोटं खाली लागत होते. टरेटचा एक खटका म्हणजे एक क्लिक. १०० यार्डांना पाव इंचाचा क्लिक २० मीटरवर जेमतेम दीड मिलिमीटर सरकवतो, म्हणजे पन्नासच्या वर क्लिक खर्ची पडले. या स्कोपला या टोकापासून त्या टोकापर्यंत दीडशेच्या आसपासच क्लिक आहेत. टरेट जितका वर, तितकी स्कोपच्या आतली नळी पेलणारी स्प्रिंग सैल. त्यात स्प्रिंगवाली रायफल आधी मागे धक्का देते आणि लगेच पुढे हिसका मारते. सैल पडलेली आतली नळी प्रत्येक हिसक्याला हलणारच. ही गोष्ट दुकानदाराला ठाऊक असणार, पण मग २८०० रुपयांचं अ‍ॅडजस्टेबल माउंट घ्या, एवढंच त्यानं का सुचवावं?

२८०० माझ्याच्याने देववले नाहीत. आधी स्कोप रायफलीवरून उतरवला आणि कपाटाच्या आरशाला पुढची काच चिकटवून धरली, झूम ३ वर. डोळा जरा मागे घ्यायचा, म्हणजे उजेड मागून आत शिरतो. आत दोन फुल्या दिसतात, एक खरी आणि एक आरशातली, पुसट. टरेट फिरवला की त्या एकमेकींकडे सरकतात किंवा लांब जातात. दोन्ही एकीवर एक बसल्या की स्कोप मध्यावर आला. क्लिक मोजून निम्मे करायचीही पद्धत आहे, पण आडवा टरेट मध्यावर नसेल तर उभ्याची चाल कमी भरते, आणि टोकाला जोर लावून मोजणं मला पटत नाही.

मग कोल्ड्रिंकच्या रिकाम्या कॅनची पट्टी कापली, कडा कानशीने मारल्या आणि मागच्या रिंगमध्ये स्कोपच्या खाली ठेवली. पत्रा साधारण ०.१ मिलिमीटरचा. रिंगांमध्ये १० सेंटिमीटर अंतर असेल तर एका पट्टीने २० मीटरवर छर्रा २ सेंटिमीटर वर येतो. मी दोन घातल्या. त्याहून जास्त घालू नका, स्कोपच्या नळीला पीळ बसतो. उरलेलं काम तीसेक क्लिकमध्ये झालं.

त्यानंतर मे महिना गेला. आमच्याकडे पारा ४५ च्या घरात, काळ्या जमिनीवरून हवा अशी थरथरते की दुपारी कागदाचे आकडेही नाचतात. पण झिरो जिथे ठेवला तिथेच राहिला. एकाचे चार स्टार केले.

पाचवा का नाही, तर सोबतच्या माउंटमुळे. हिसक्याने ते खाचेतून मागे सरकतं आणि अडवायला खालची पिन दिलेलीच नाही. ९ वर झूम केलं की २० मीटरवर धुरकट दिसतं, ५ पर्यंत मात्र काच झकास, त्याच्या पुढे मी जात नाही. डोकं हललं की फुलीही जराशी सरकते, म्हणून गाल रोज एकाच जागी टेकवा. रायफल आवळून धरू नका, हलक्या हाताने पेला.

२०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतल्यापासून गावातली पोरं विचारतात, त्याचा स्कोप कुठल्या कंपनीचा? ५० मीटर थ्री पोझिशनला स्कोप नसतोच रे बाबांनो. शूटिंगच्या क्लासला जायचं असेल तर हा घेऊन पैसे घालवू नका. शेतात कागद फोडायला घेत असाल तर खुशाल घ्या, फक्त आधी आरसा आणि मग टरेट.

पुढच्या रिंगचा एक स्क्रू आताच गोल झालाय, एलन की नुसती फिरते. पिनवाल्या रिंगांची जोडी मागवली आहे, त्या दुकानातून नाही.