क्रोनी: मागे पडणाऱ्या घड्याळाचे निदान करणारी प्रणाली

संगणकाचे घड्याळ वारंवार मागे पडू लागले की मदरबोर्डवरील सेल बदलण्याचा सल्ला सर्वप्रथम मिळतो. तो पुष्कळदा बरोबरही ठरतो. मात्र घड्याळ संगणक बंद असताना मागे पडते की चालू असताना, ही चौकशी क्वचितच कोणी करते. क्रोनी या प्रणालीची ख्याती वेळ जुळवण्यासाठी असली, तरी या चौकशीचे उत्तर ती आकड्यांत देते म्हणून मला ती अधिक मोलाची वाटते.

क्रोनी ही लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस यांवर चालणारी मुक्त प्रणाली आहे. एनटीपी या नियमावलीनुसार ती नेटवर्कवरील वेळ-सर्व्हरांशी संगणकाची वेळ जुळवते. तिचा ‘क्रोनीडी’ हा भाग पडद्यामागे अखंड चालतो आणि ‘क्रोनीसी’ या आज्ञेने त्याला प्रश्न विचारता येतात. विंडोजसाठी ती उपलब्ध नाही, त्यामुळे तेथे अंगभूत टाइम सर्व्हिसवरच भागवावे लागते.

निदान समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे संगणकात वस्तुतः दोन घड्याळे असतात. मदरबोर्डवरील घड्याळ ३२,७६८ हर्ट्झच्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालते आणि संगणक बंद असताना, बहुधा सीआर२०३२ या ३ व्होल्टच्या सेलवर, तग धरते. कार्यप्रणालीचे घड्याळ मात्र सुरुवातीला त्याच्याकडून वेळ घेते आणि पुढे प्रोसेसरच्या किंवा मदरबोर्डच्या अन्य टायमरच्या मोजणीवर स्वतंत्रपणे चालते. म्हणजेच सेल अगदी संपला, तरी चालू संगणकाच्या घड्याळाची गती त्यामुळे मंदावत नाही.

‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ ही आज्ञा दिली असता ‘फ्रीक्वेन्सी’ या ओळीत एक आकडा येतो. क्रोनीने दुरुस्ती केली नसती, तर घड्याळ किती मंद वा जलद चालले असते, हे तो पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षांश भागांत, सांगतो. एक पीपीएम म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद, या हिशेबाने २० पीपीएम मंद असलेले घड्याळ दिवसाकाठी सुमारे पावणेदोन सेकंद मागे पडते, आणि साध्या स्फटिकाकडून एवढी चूक अपेक्षितच असते. हा आकडा लहान असूनही प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना घड्याळ तासांनी किंवा वर्षांनी चुकल्याची नोंद लॉगमध्ये सापडत असेल, तर सेल खुशाल बदलावा. आकडा शेकड्यांत गेला असेल, तर त्याला सेल जबाबदार नाही. दोष कर्नलने, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याने, निवडलेल्या टायमरमध्ये किंवा व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाच्या, मोजणीत शोधावा. चूक नेमकी प्रमाणवेळेच्या फरकाएवढी असेल, तर बिघाड बहुधा नसतोच, कारण एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स नांदत असतील, तर पहिली मदरबोर्डवर स्थानिक वेळ गृहीत धरते आणि दुसरी बहुधा जागतिक वेळ.

अर्थात हे आकडे विश्वासार्ह ठरण्यासाठी सर्व्हरपर्यंत पोहोच असायला हवी. ‘क्रोनीसी सोर्सेस’ या आज्ञेच्या ‘रीच’ रकान्यात ३७७ दिसले, तर शेवटचे आठही प्रयत्न यशस्वी झालेले असतात, कारण ही संख्या अष्टमान पद्धतीत लिहिलेली आहे. तेथे शून्य असेल, तर एनटीपीचे संदेश ज्यातून ये-जा करतात ते यूडीपीचे १२३ क्रमांकाचे पोर्ट फायरवॉलने अडवले आहे का, ते आधी पाहावे.

दुरुस्तीच्या कामातही क्रोनी सरस आहे. एनटीपीडी या वेळ जुळवणाऱ्या जुन्या प्रणालीची गती सुधारण्याची मर्यादा ५०० पीपीएम, म्हणजे दिवसाला ४३.२ सेकंद एवढीच असल्याने त्याहून मंद घड्याळापुढे ती हात टेकते. क्रोनीची मर्यादा याच्या कितीतरी पट मोठी आहे. शिकलेली गती ती फाइलमध्ये जपून ठेवत असल्याने संगणक पुन्हा सुरू झाल्यावर हिशेब पहिल्यापासून मांडावा लागत नाही.

उणिवा मात्र आहेत. क्रोनीच्या मांडणी-फाइलमधील ‘मेकस्टेप’ या सूचनेची नेहमीची मांडणी पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच घड्याळाला थेट उडी मारू देते. त्यामुळे थांबवून ठेवलेले व्हर्च्युअल मशीन तासभर मागे पडून जागे झाले, तर क्रोनी ते अंतर गती वाढवून भरून काढू पाहते आणि त्यात अर्धा दिवस सहज जातो. तीन दुरुस्त्यांच्या या मर्यादेच्या जागी उणे एक लिहिल्यास उडी केव्हाही मारता येते, पण ज्या डेटाबेसला वेळेतील अचानक बदल सोसत नाहीत, त्याच्या यंत्रावर हा उपाय मी सुचवणार नाही. सूचना-पुस्तिका परिपूर्ण आहे, तथापि ती जाणकारासाठी लिहिलेली असल्याने नवख्याला दमवते.

सर्वांत मोठी अडचण तिच्या गुणातूनच उद्भवते. नेटवर्क मिळताच घड्याळ काही सेकंदांत सरळ होत असल्याने मेलेला सेल दीर्घकाळ लक्षातच येत नाही. ४.० या आवृत्तीपासून आलेली एनटीएस ही सुरक्षित जुळवणी वापरत असल्यास गुंता आणखी वाढतो, कारण तिला सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्यासाठी योग्य तारीख लागते आणि सेल संपलेल्या संगणकाकडे नेमकी तीच नसते. त्यासाठी सुरुवातीला प्रमाणपत्राची मुदत न तपासण्याची सोय ‘नोसर्टटाइमचेक’ या सूचनेने मिळते; ती सुरक्षा काहीशी सैल करते, म्हणून सेल बदलणे शक्य असेल तेथे तिचा आधार घेऊ नये.