दाढदुखी, १० रुपयांचं टोकन आणि गेलेले ५९,४९८ रुपये

मुलीला ब्रेसेस आहेत. तार घट्ट केली की दोन-तीन दिवस दात ठणकतात, त्याची आम्हाला सवय आहे. पण त्या रविवारी रात्री ती गाल धरून रडायलाच लागली. तारेचं मागचं टोक गालात रुतलेलं, वर दाढेत कळा. फाइलवरचा क्लिनिकचा नंबर बंद. मग मॅपवर क्लिनिकचं नाव टाकलं आणि दिसला तो नंबर लावला. नाव आमच्याच क्लिनिकचं, फोटोतली पाटीही तीच. नंबर तेवढा भामट्यांनी बदललेला. असं बदलता येतं, हे तुम्हाला तरी माहीत होतं का?

‘ऊपर की दाढ़ है या नीचे की? वायर चुभ रहा है?’ इतकं मुद्देसूद विचारल्यावर संशय कशाला येईल! मग इमर्जन्सी अपॉइंटमेंटचं १० रुपयांचं टोकन आणि व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून थेट फोनमध्ये टाकायचं ॲप. अहो, इथेच कळायला हवं होतं! या क्लिनिकनं आजवर टोकन कधी मागितलं नाही आणि रिसेप्शनवरच्या ताई आमच्याशी मराठीतच बोलतात. फोननंही बजावलं, की ॲप अनोळखी आहे. पण शेजारी पोर कळवळत असताना ते कोण वाचतं? कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही भरला. ॲपला मेसेज वाचायची परवानगी दिली. ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही, तो परस्पर गेला.

२४,९९९. पुन्हा २४,९९९. मग ९,५००.

असं झालं तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढे सरकायच्या आत गोठवले तरच हाती लागतात. मला लाइन मिळेपर्यंत ते सरकले होते.

पोलीस ठाण्यात म्हणे, ‘हे सायबरकडे.’ सायबरवाले म्हणे, ‘आधी ठाण्यात अर्ज द्या.’ तिसरीकडे हद्दच आमची नाही! नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो, हे मी त्यांना सांगायचं? वर एक साहेब हसून म्हणाले, ‘शिकलेले दिसता, तरी?’

बँकेचं एकच पालुपद: ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आला होता. ठीक. पण ९,५०० चा व्यवहार मी कार्ड बंद करायला सांगितल्यानंतरचा आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक स्पष्ट सांगतं, की कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. म्हणून कस्टमर केअरला फोन केल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवाच. मॅनेजरसाहेबांना ते परिपत्रक मीच छापून नेऊन दिलं. ‘वर पाठवतो,’ म्हणाले.

सोमवारी खऱ्या डॉक्टरांनी तारेचं टोक कापलं, पाच मिनिटांत. पैसे घेतले नाहीत. रात्रीपुरतं टोकावर मेण लावलं असतं तरी भागलं असतं म्हणे. ब्रेसेसच्या किटमधली ती डबी घरातच होती.

बँकेला लेखी तक्रार देऊन तीस दिवस उलटले, उत्तर नाही. आता बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे अर्ज केलाय, निदान त्या ९,५०० साठी.