भाड्याच्या फ्लॅटचं बाथरूम वॉटरप्रूफिंग : एका पावसाळ्यानंतर

फ्लॅट ठाण्यात, भाड्याने दिलेला, आम्ही नाशिकला. खालच्या घराच्या छताला ओल धरली तेव्हा सोसायटीने हात वर केले, आणि ते नियमाला धरूनच होतं. गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप यांची गळती सोसायटीची; संडास-बाथरूमच्या फरशीतून होणारी सभासदाची.

आधी एका ॲपवरून माणसं बोलावली. टाइल्स न फोडता त्यांनी खालून स्लॅबमध्ये केमिकलचं इंजेक्शन मारलं आणि दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली. थोड्याच दिवसांत ओल सरकून पंख्यापाशी आली. फोन केला तर म्हणे, गॅरंटी फक्त जिथे भोकं पाडली तेवढ्याच जागेची! याचा संताप अजून गेलेला नाही. पाणी वरून येतंय तर ते वरच अडवायला हवं. खालून एक वाट बुजवली की ते दुसरी शोधतं आणि आतली सळई गंजत राहते. रोज हेच काम करणाऱ्यांना हे ठाऊक नसेल?

मग शेजारच्या इमारतीच्या सेक्रेटरींनी एक मिस्त्री सुचवले. त्यांचा रेट ॲपवाल्यांच्या तिप्पट, कारण टाइल्स आणि खालचा कोबा सगळंच उकरायचं होतं. घरभाड्यावर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पण दुरुस्तीचा खर्च त्याहून वर गेला तरी जास्त काही मिळत नाही, म्हणून मी घासाघीस बरीच केली. रेट काही उतरला नाही. तरी काम त्यांनाच दिलं, ते त्यांच्या एका अटीमुळे: "जे झाकलं जाणार, ते आधी तुम्हाला दाखवणार, मग झाकणार. पुढचे पैसे त्यानंतर." ॲडव्हान्स घेतला तो फक्त मालापुरता.

नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जाण्याच्या जाळीखालचं भांडं, उचलला तेव्हा त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. भोवतालच्या फटीत गोणपाट आणि विटांचे तुकडे कोंबलेले, वर बोटभर सिमेंटचा लेप. गोणपाट पिळलं तर पाणी निघालं. बांधताना कुणीतरी पाच मिनिटं वाचवली होती. मिस्त्रींनी ती फट साफ करून न आकसणाऱ्या ग्राउटने भरली, फरशी-भिंतीच्या कोपऱ्यांना सिमेंटची गोलाई (वाटा) दिली, कोटिंग भिंतीवर फूटभर चढवलं. मग ४८ तास पाणी कोंडलं, पातळीवर खडूने रेघ ओढली. खालच्या काकांनी सकाळ-संध्याकाळ छताचे फोटो पाठवले. छत कोरडं राहिलं, तेव्हाच टाइल्स बसल्या.

इथपर्यंत पावसाळ्याआधी लिहून ठेवलं होतं आणि खाली 'काम चांगलं, पण रेट अवाच्या सवा' असा शेरा होता. तो आता काढतोय. भर पावसात काकांकडे पुन्हा डाग दिसला. मिस्त्रींना कळवलं तर ते दुसऱ्याच दिवशी आले, येण्याचे पैसे घेतले नाहीत. बाथरूममध्ये परत पाणी कोंडून पाहिलं, फरशी ठीक निघाली. डाग खिडकीच्या कडेने बाहेरच्या भिंतीला गेलेल्या भेगेमुळे होता. त्यांनी फोटोसकट तसं लिहून दिलं आणि भेग सोसायटीने आपल्या खर्चाने बुजवली. तो कागद हातात नसता तर ते बिलही माझ्याच माथी आलं असतं. लांब राहणाऱ्या घरमालकाला असा माणूस मिळणं म्हणजे निम्मी काळजी मिटणं.

एका बाबतीत मात्र मी अजिबात समाधानी नाही: उतार. दाराकडच्या कोपऱ्यात अंघोळीनंतर तळहाताएवढं पाणी साचतं. मीटरमागे सव्वा-दीड सेंटीमीटर उतार हवा, तो तिथे नाही. भाडेकरू ताई म्हणतात, "दादा, वायपर मारला की जातं, राहू द्या." पण राहू का द्यायचं? त्यांचं लहान मूल तिथून धावत येतं, आणि साबणाचं पाणी साचलेल्या जागी टाइल्सच्या सांध्यांत आत्ताच काळं धरलंय. एवढं नेकीने काम करणाऱ्या माणसाने लेव्हलची नळी एकदा तिथे लावायला हवी होती.

मिस्त्रींना चूक मान्य आहे. मे महिन्यात भाडेकरूंचा अकरा महिन्यांचा करार संपला की त्या कोपऱ्यातल्या टाइल्स काढून परत बसवून देणार आहेत. शेवटचा हप्ता त्यासाठी राखून ठेवलाय, त्यांच्या संमतीनेच.